स्वामित्वहक्क संपलेले बौद्ध वाङ्मय आणि पुनर्मुद्रकाचे शील

मराठी वाचकांच्या हाती बौद्ध वाङ्मयाची पुनर्मुद्रणे आज जितक्या सहजतेने येतात, तितक्या सहजतेने ती पूर्वी कधी आली नव्हती. आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ १ जानेवारी २००८ पासून, आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून स्वामित्वहक्काच्या, म्हणजे रूढ भाषेत कॉपीराइटच्या, बंधनातून मुक्त झाले. तेव्हापासून चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आणि दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी जे ग्रंथविक्रीचे मांडव उभे राहतात, त्यांत एकाच ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी मांडलेल्या दिसू लागल्या. त्यांच्या जोडीला संक्षिप्त पुस्तिका, बालवाचकांसाठी केलेली रूपांतरे, ध्वनिमुद्रणे, दिनदर्शिका आणि भ्रमणध्वनीवर वाचावयाचे संग्रहही आले. हा विस्तार स्वागतार्ह आहे, हे आम्ही प्रारंभीच नमूद करतो. परंतु ग्रंथाच्या प्रती वाढल्या म्हणजे ग्रंथ वाचकापर्यंत पोहोचला असे नेहमीच होत नाही. या पुनर्मुद्रणांत कोणता पाठ छापला जातो, कोणत्या अधिकाराने छापला जातो आणि छापणारा वाचकास काय सांगतो वा सांगत नाही, या तीन प्रश्नांची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विशिष्ट प्रकाशकाची नावे घेण्याचे आम्ही टाळले आहे. दोष एकट्यादुकट्याचा नसून रूढ होऊ पाहणाऱ्या पद्धतीचा आहे.

हिशेब मृत्यूचा आणि प्रकाशनाचा

प्रथम कायद्याचा हिशेब पाहू. कारण बहुसंख्य चुका येथेच होतात. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाने वाङ्मयीन कृतीचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे टिकेल, असे ठरविले होते. रवींद्रनाथ ठाकूर यांचे निधन १९४१ साली झाले. त्यांच्या वाङ्मयावरील हक्क १९९१ अखेर संपावयाचा होता. त्या वेळी, १९९१ च्या डिसेंबरात वटहुकूम निघाला आणि १९९२ च्या दुरुस्तीने ही मुदत ६० वर्षांची झाली. मुदत मोजावयाची ती मृत्यूच्या दिवसापासून नव्हे, तर मृत्यूच्या वर्षानंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून. आचार्य कोसंबी यांचे निधन ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे झाले. जुन्या नियमाने त्यांचे ग्रंथ १९९८ च्या प्रारंभी मुक्त व्हावयाचे. रवींद्रनाथांच्या निमित्ताने झालेल्या दुरुस्तीमुळे ते दहा वर्षे लांबले. कृष्णराव अर्जुन केळूसकर यांचे निधन १९३४ साली झाले; त्यांचे १८९८ साली प्रसिद्ध झालेले गौतम बुद्धांचे चरित्र त्या दुरुस्तीच्या कितीतरी आधी मुक्त झालेले होते. पी. लक्ष्मी नरसू यांच्या 'द इसेन्स ऑफ बुद्धिझम' या १९०७ च्या ग्रंथाचीही गोष्ट तशीच. त्यांचेही निधन १९३४ मधलेच. या ग्रंथाच्या १९४८ च्या आवृत्तीस बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहिली होती. म्हणजे त्या आवृत्तीचा मूळ मजकूर १९८५ साली मोकळा झाला, तर प्रस्तावना २०१७ पर्यंत बांधलेली राहिली. एकाच मुखपृष्ठाखाली दोन हिशेब नांदू शकतात, याचे हे पहिले उदाहरण.

मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या कृतींचा हिशेब याहून निराळा आहे आणि बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकास तो विशेष महत्त्वाचा आहे. लेखकाच्या हयातीत अप्रकाशित राहिलेली कृती पुढे प्रसिद्ध झाली, तर ६० वर्षे तिच्या प्रथम प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून मोजावी लागतात. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. म्हणून तो १ जानेवारी २०१७ रोजी नव्हे, तर १ जानेवारी २०१८ रोजी मुक्त झाला. हा एक वर्षाचा फरक क्षुल्लक वाटेल. पण त्याच नियमाने पुढे चालले की फरक वर्षाचा न राहता पिढीचा होतो. 'रिडल्स इन हिंदुइझम' हे लेखन महाराष्ट्र शासनाने १९८७ साली चौथ्या खंडात प्रथम प्रकाशात आणले. त्यावरील हक्क २०४७ अखेरपर्यंत टिकतो. बाबासाहेबांचे निधन १९५६ मधले, म्हणून त्यांचे सर्वच लेखन मुक्त, अशी समजूत करून जे प्रकाशक या खंडांतील मरणोत्तर प्रकाशित प्रकरणे सुटी काढून स्वतंत्र पुस्तके म्हणून विकतात, त्यांचा पाया या नियमावर टिकत नाही. शासनाने छापले म्हणजे सर्वांचे झाले, हाही समज तितकाच निराधार आहे.

या नियमाचे सर्वांत बोलके उदाहरण खुद्द 'द बुद्ध अँड हिज धम्म' याच ग्रंथात आहे. बाबासाहेबांनी १९५६ साली या ग्रंथासाठी लिहिलेली एक प्रस्तावना १९५७ च्या आवृत्तीत आली नाही. आपण बुद्धाकडे कसे वळलो, याची हकीगत तीत आहे. शालेय परीक्षा उत्तीर्ण झाल्यानिमित्त झालेल्या सत्कारसभेत दादा केळूसकरांनी स्वतःचे बुद्धचरित्र आपणास भेट दिले, हा प्रसंगही त्यांनी तेथेच नोंदविला आहे. पत्नीविषयीची कृतज्ञताही तीत आहे. ही प्रस्तावना भगवान दास यांनी १९८० साली प्रकाशात आणली. तेच तिचे प्रथम प्रकाशन धरल्यास ग्रंथ मुक्त झाला तरी त्याची प्रस्तावना २०४० अखेरपर्यंत मुक्त नाही. ज्या पानांवर एका मुक्त हस्ताने दिलेल्या पुस्तकाची आठवण आहे, तीच पाने आज कायद्याने बद्ध असावीत, हा योगायोग खिन्न करणारा आहे. तथापि खिन्नता हा छापण्याचा परवाना होत नाही. ही प्रस्तावना आपल्या आवृत्तीत हवी असेल, तर हक्कदारांची अनुमती मागणे हाच सरळ मार्ग. आणि ती मागण्यात कमीपणा नाही.

एका ग्रंथाचे अनेक थर

दुसरी चूक थर न ओळखण्याची. आपण ज्याला एक पुस्तक म्हणतो, त्यात मूळ संहिता, अनुवाद, टीपा, प्रस्तावना, चित्रे आणि मुखपृष्ठ असे थर असतात आणि प्रत्येकाचे वय वेगळे असते. त्रिपिटकावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही, हे सांगावयास नको. पण त्रिपिटक वाचकाच्या हाती येते ते कोणाच्या तरी अनुवादातून. पालि टेक्स्ट सोसायटीचे संस्थापक टी. डब्ल्यू. रीस डेव्हिड्स १९२२ साली निवर्तले. त्यांचे अनुवाद आपल्याकडे कधीच मोकळे झाले. आय. बी. हॉर्नर यांचे निधन मात्र १९८१ मधले. त्यांच्या विनयपिटकाच्या अनुवादावरील हक्क आपल्या गणनेने २०४१ अखेरपर्यंत चालतो. दोन्ही अनुवाद एकाच संस्थेचे, एकाच मांडणीचे, ग्रंथालयात एकाच फळीवर. परंतु एकास हात लावता येतो, दुसऱ्यास येत नाही.

हिंदी अनुवादांचे उदाहरण आमच्या वाचकांस अधिक जवळचे वाटेल. महापंडित राहुल सांकृत्यायन यांचे निधन १९६३ साली झाले; त्यांचा मज्झिमनिकायाचा अनुवाद १ जानेवारी २०२४ पासून मुक्त आहे. दीघनिकायाचा अनुवाद मात्र त्यांनी भिक्खू जगदीश काश्यप यांच्यासह केला. संयुक्त कृतीत जो लेखक शेवटी निवर्ततो, त्याच्या मृत्यूपासून मुदत मोजली जाते. काश्यपजींचे निधन १९७६ मधले; म्हणून तो अनुवाद २०३६ अखेरपर्यंत बद्ध आहे. 'राहुलजींचे सर्व मोकळे झाले' असे म्हणून दोन्ही निकाय एकत्र छापणारा पुनर्मुद्रक अर्धा बरोबर आणि अर्धा चूक असतो, आणि त्याची चूक त्याच्या बरोबर असण्याने झाकली जाते.

भदन्त आनंद कौसल्यायन यांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म'चा हिंदी अनुवाद केला, तो केवळ भाषांतर नव्हे. मूळ ग्रंथात न दिलेले पालि आधार शोधून काढण्याचे परिश्रम त्यामागे आहेत. भदन्तजी १९८८ साली निवर्तले. मूळ इंग्रजी ग्रंथ २०१८ पासून मुक्त असला, तरी हा अनुवाद २०४८ अखेरपर्यंत मुक्त नाही. तैवानमध्ये छापलेल्या या वाङ्मयाच्या प्रती आपल्याकडे विनामूल्य वाटल्या गेल्या, यामुळे गैरसमज वाढला. विनामूल्य मिळणे आणि मुक्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. जे दान म्हणून हाती आले, ते वाचण्यासाठी व वाटण्यासाठी आले. त्यावरून नवी छपाई करून विकण्याचा अधिकार त्या दानात आपोआप येत नाही. एखाद्या संकेतस्थळावर पुस्तकाची छायाप्रत आढळते, तेव्हाही हेच लागू आहे. प्रत उपलब्ध आहे, एवढेच ती सांगते. प्रत मोकळी आहे, असे ती सांगत नाही.

हाच न्याय अलीकडच्या संपादित आवृत्त्यांना लागू होतो. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६ साली प्रसिद्ध झाला, तो २०१७ पासून मुक्त आहे. बाबासाहेबांनी पुढील आवृत्तीत गांधीजींचे 'हरिजन'मधील आक्षेप व त्यांना दिलेले उत्तर जोडले. गांधीजींचे निधन १९४८ मधले, म्हणून त्यांचे लेखन २००९ च्या प्रारंभीच मोकळे झाले. अशा रीतीने वाद-प्रतिवाद दोन्ही आज छापता येतात. परंतु २०१४ च्या सटीप आवृत्तीस अरुंधती रॉय यांनी लिहिलेला दीर्घ प्रास्ताविक निबंध आणि त्या आवृत्तीतील टीपा त्यांच्या त्यांच्या लेखकांच्या आहेत. २०११ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म'च्या समीक्षित आवृत्तीतील संपादकीय सामग्रीही तशीच. मूळ मजकूर घ्यावा, टीपा सोडाव्यात; टीपा हव्या असतील तर स्वतः लिहाव्यात. स्वतः टीप लिहावयास बसले की संपादनाला किती वाचन लागते, याचाही प्रत्यय येतो.

परदेशातील विहारांस एक सूचना येथेच करणे इष्ट. मराठी भाषक बौद्ध बांधव अमेरिकेत संस्था चालवितात आणि तेथे पुस्तके छापतात. तेथील नियमानुसार, भारतात १ जानेवारी १९९६ रोजी ज्यांवरील हक्क जिवंत होता, अशा त्या काळातील कृतींची मुदत प्रथम प्रकाशनापासून ९५ वर्षे धरली जाते. त्या गणनेने 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' तेथे २०३१ अखेर आणि 'द बुद्ध अँड हिज धम्म' २०५२ अखेर मोकळा होईल. नागपुरात मोकळे असलेले पुस्तक न्यू जर्सीत मोकळे असेलच असे नाही.

जे दिलेले नाही

येथे एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. धम्म सर्वांसाठी सांगितला गेला. 'या आणि पाहा' असे त्याचे आवाहन आहे. मग धम्माच्या ग्रंथावर हक्क कसला? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. धम्मावर हक्क नाही, हे निर्विवाद. परंतु अनुवादकाने दहा वर्षे बसून निवडलेला शब्द म्हणजे धम्म नव्हे. ते त्याचे श्रम आहेत, आणि पुष्कळदा ती त्याच्या कुटुंबाची उपजीविका असते. पंचशीलातील दुसरे शील अदिन्नादानापासून विरत राहण्याचे आहे. त्या शीलाची शब्दयोजना अर्थपूर्ण आहे. 'चोरी' हा मोटा शब्द तेथे नाही. 'जे दिलेले नाही ते घेणे' असे तेथे म्हटले आहे. स्वामित्वहक्काची मुदत संपते तेव्हा कायदा ती कृती समाजास देतो. त्यानंतर घेणे हे अदिन्नादान नव्हे. मुदतीपूर्वी ती दिलेली नसते. म्हणून आम्हांस असे वाटते की, कायद्याचा हिशेब करणे हे उपासकाच्या दृष्टीने रुक्ष वकिली काम नसून शीलाचा तपशील आहे.

मात्र याच शीलाची दुसरी बाजू आमच्या प्रकाशकांच्या अद्याप नीट ध्यानात आलेली दिसत नाही. कोसंबींच्या किंवा बाबासाहेबांच्या मुक्त ग्रंथाच्या नव्या छपाईवर 'सर्व हक्क प्रकाशकाधीन, पूर्वपरवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करू नये' अशी ओळ आम्हांस वारंवार आढळते. ही ओळ निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. न्यायनिर्णयांचा मूळ मजकूर कोणाही प्रकाशकाच्या मालकीचा होत नाही. केवळ श्रम व खर्च केल्याने हक्क निर्माण होत नाही, त्यासाठी संपादनात किमान सर्जक निवड व कौशल्य असावे लागते. आणि ते असेल तेथे हक्क त्या भर घातलेल्या भागापुरताच मिळतो. हे तत्त्व आपल्या ग्रंथांस लावले, तर जुना मजकूर पुन्हा जुळविला एवढ्याने तो कोणाचा होत नाही. संपादकाने प्रस्तावना लिहिली, टीपा दिल्या, सूची केली, तर तेवढे त्याचे. ज्या संहितेवर आपला हक्क नाही तिच्यावर हक्क सांगणे म्हणजे समाजाला मिळालेले परत काढून घेणे होय. एखादा गरीब विहार, एखादा शिक्षक, एखादे छोटे वाचनालय त्या ओळीला भिऊन आपली पुस्तिका काढत नाही. तेव्हा जे गेले ते कोणाच्या हिशेबवहीत दिसत नसले, तरी गेलेलेच असते. न दिलेले घेणे हा दोष. आणि सर्वांना दिलेले एकट्याचे म्हणून अडविणे हाही त्याच जातीचा दोष.

पाठाचा प्रश्न

कायद्याने मोकळीक मिळाल्यानंतरचा प्रश्न अधिक गंभीर आहे. छापावयाचे काय? मुक्त कृती कोणीही छापू शकतो, संक्षिप्त करू शकतो, तिचा नवा अनुवाद, नाटक किंवा ध्वनिमुद्रण करू शकतो. या स्वातंत्र्याचा चांगला उपयोग व्हावा, अशीच आमची इच्छा आहे. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'चे अधिक नेमके मराठी अनुवाद व्हावेत, केळूसकरांचे बुद्धचरित्र आजच्या विद्यार्थ्यास वाचता यावे, कोसंबींचे 'बोधिसत्त्व' नाटक पुन्हा रंगभूमीवर यावे. परंतु आमच्या पाहण्यात आलेल्या अनेक पुनर्मुद्रणांत या स्वातंत्र्याचा अर्थ 'विचारणारा कोणी नाही' असा घेतलेला दिसतो. कोणत्या आवृत्तीवरून मजकूर घेतला, याचा उल्लेख नसतो. मूळ प्रकाशनाचे वर्ष नसते, त्यामुळे १९४० चे विधान आजचे वाटते. यंत्राने अक्षरे ओळखून उतरविलेला मजकूर मुद्रितशोधनाशिवाय छापला जातो आणि पालि शब्दांचे अनुस्वार, दीर्घत्व, प्रसंगी अर्थही बदलतो. शीर्षके बदलतात. प्रकरणे गळतात, आणि गळाल्याची नोंद नसते.

गळलेल्या मजकुराने काय बिघडते, याची दोन उदाहरणे देतो. कोसंबींच्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथातील मांसाहाराविषयीच्या प्रकरणाने मोठा वाद उठला होता. ते प्रकरण आजही कोणास रुचेल, कोणास रुचणार नाही. वाद नको म्हणून ते वगळण्याचा मोह पुनर्मुद्रकास होणे स्वाभाविक आहे. परंतु कोसंबींची पद्धती अशी की, पुरावा जेथे नेईल तेथे जावयाचे. त्या पद्धतीनेच त्यांनी वृद्ध, रोगी व मृत यांच्या दर्शनाची रूढ कथा बाजूला ठेवून शाक्य व कोलिय यांच्यातील शस्त्रकलहाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. अप्रिय प्रकरण काढले तर ग्रंथाची काही पाने कमी होतात, हे खरे. पण त्याबरोबर निर्भय संशोधक कोसंबी जाऊन सोयीचे कोसंबी उरतात.

दुसरे उदाहरण 'द बुद्ध अँड हिज धम्म'चे. या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी चार प्रश्न उपस्थित केले आहेत : सिद्धार्थाने प्रव्रज्या का घेतली; चार आर्यसत्ये मूळ उपदेशाचा भाग होत काय; अनात्मवाद आणि कर्म व पुनर्जन्म यांची संगती कशी लावावयाची; आणि भिक्खुसंघाचे प्रयोजन काय. संपूर्ण ग्रंथ या प्रश्नांना दिलेले उत्तर आहे. प्रव्रज्येच्या कथेत रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा का आला, हे पहिला प्रश्न वाचल्याशिवाय समजत नाही. असे असता प्रास्ताविक गाळून, क्रमांकित विधानांची रचना मोडून, सलग गोष्टीच्या रूपात हा ग्रंथ दिला, तर वाचकाच्या हाती आणखी एक बुद्धचरित्र पडते आणि बाबासाहेबांचा युक्तिवाद नाहीसा होतो. ज्यांना गोष्टरूप पुस्तक हवे, त्यांनी ते स्वतःच्या नावाने लिहावे आणि आधार कोठला ते सांगावे. बाबासाहेबांच्या नावाखाली मात्र बाबासाहेबांचाच ग्रंथ असावा.

या संदर्भात 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'चा जन्म आठवावा. लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने अध्यक्षीय भाषण अगोदर पाहिले, त्यातील काही भाग वगळावा असे सुचविले. बाबासाहेबांनी मजकुरात फेरबदल करण्यास स्पष्ट नकार दिला. अधिवेशन झाले नाही. त्यांनी भाषण स्वखर्चाने छापले आणि पंधराशे प्रतींची ती आवृत्ती दोन महिन्यांत संपली. म्हणजे हा ग्रंथ अस्तित्वात आला तोच संहिता अबाधित राखण्याच्या आग्रहातून. ज्या फेरबदलास लेखकाने हयातीत व्यासपीठ गमावून नकार दिला, तो फेरबदल त्यांच्या पश्चात कोणी मुद्रकाने पृष्ठसंख्या बसविण्यासाठी करावा, हे आम्हांस अक्षम्य वाटते. कायदाही या बाबतीत मूक नाही. अधिनियमाच्या ५७ व्या कलमाने कर्तृत्वाचा आणि कृतीच्या विकृतीस हरकत घेण्याचा विशेष हक्क लेखकास व त्याच्या कायदेशीर प्रतिनिधींस दिला आहे. विकृतीला हरकत घेण्याचा हक्क पूर्वी स्वामित्वहक्काच्या मुदतीशी जोडलेला होता. २०१२ च्या दुरुस्तीने ते शब्द काढून टाकले. याचा अर्थ, छापण्यास परवानगी लागत नाही अशा ग्रंथाचाही विपर्यास करण्यास मुभा आहे असे समजण्याचे कारण उरलेले नाही.

परंपरेचा निकष

आपल्या परंपरेला संहितेची चिंता नवी नाही. शास्त्याच्या पश्चात संगीती भरल्या त्या याच चिंतेने. भाणकांनी सुत्ते मुखोद्गत ठेवली, ती एकट्याने नव्हे, समूहाने म्हणून. एकाची चूक दुसऱ्याच्या कानाला खटकावी, ही त्यामागील योजना. महापरिनिब्बानसुत्तात चार महापदेस सांगितले आहेत. एखादे वचन तथागतांच्या मुखातून ऐकले, संघाकडून ऐकले, बहुश्रुत थेरांकडून ऐकले किंवा एका थेराकडून ऐकले, असे कोणी म्हटले, तरी त्याचे अभिनंदनही करू नये आणि धिक्कारही करू नये. ते सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावे आणि मग स्वीकारावे वा सोडावे. बोलणाऱ्याचा अधिकार मोठा म्हणून वचन खरे ठरत नाही, हा त्यातला मर्म. मुखपृष्ठावर बाबासाहेबांचे छायाचित्र आहे म्हणून आतील मजकूर बाबासाहेबांचा ठरत नाही, हे त्याचेच आजचे रूप होय. पण ताडून पाहावयाचे तर कशाशी ताडावयाचे, हे छापणाऱ्याने सांगितले पाहिजे. आधारभूत आवृत्तीचा उल्लेख नसलेले पुनर्मुद्रण वाचकाकडून महापदेसाची शक्यताच काढून घेते.

म्हणून पुनर्मुद्रणांकडून आमची अपेक्षा फार मोठी नाही. शीर्षकपृष्ठामागील एक पान पुरेसे आहे. कोणत्या वर्षीची, कोणत्या प्रकाशकाची आवृत्ती प्रमाण धरली. काय वगळले, काय बदलले, शुद्धलेखन आधुनिक केले काय. अनुवाद कोणाचा आणि कोणत्या अनुमतीने. नवीन टीपा व प्रस्तावना कोणाच्या. त्यांवरील हक्क कोणाचा, आणि मूळ संहिता मात्र सर्वांस मुक्त आहे, एवढे त्या पानावर असावे. संक्षेप असेल तर 'संक्षेप' हा शब्द मुखपृष्ठावरच असावा. छायाचित्रांची चौकशी वेगळी करावी. २०१२ पूर्वी त्यांची मुदत प्रकाशनापासून मोजली जाई, नंतर छायाचित्रकाराच्या मृत्यूपासून मोजण्याचा नियम आला, म्हणून जुने छायाचित्र जुने आहे एवढ्यावरून मोकळे मानू नये. हे पान लिहिण्यास एक दिवस लागेल. त्या दिवसाचा खर्च प्रतीमागे विभागला, तर तो नाण्यांतही मोजता येणार नाही.

समीक्षकांनीही आपले काम बदलले पाहिजे. बौद्ध ग्रंथाचे पुनर्मुद्रण परीक्षणास आले की मूळ ग्रंथाची थोरवी सांगून, 'प्रकाशकाने मोलाचे कार्य केले' असा समारोप करावयाचा, ही प्रथा आमच्या नियतकालिकांत रुळली आहे. मूळ ग्रंथाची थोरवी आता प्रमाणपत्राची मोताद नाही. परीक्षण व्हावयाचे ते पुनर्मुद्रणाचे : जुनी प्रत शेजारी ठेवून, पान पानाशी लावून. पालि अभ्यासकेंद्रांतील विद्यार्थ्यांकडून असे ताडून पाहणे करविले, तर संहितासमीक्षेचे शिक्षणही आपोआप होईल.

केळूसकरांनी एका विद्यार्थ्यास दिलेले पुस्तक कोठवर पोहोचले, हे आपण जाणतोच. त्या दिवशी त्या मुलाच्या हाती पडली ती पूर्ण प्रत होती. तिच्यावर लेखकाचे नाव होते, आणि देणारा स्वतः तिचा कर्ता होता. आजच्या मांडवात तीस-चाळीस रुपयांना पुस्तक घेणारा विद्यार्थी देणाऱ्याला ओळखत नाही आणि कर्ता हयात नाही. त्याने विश्वास ठेवावयाचा तो छापलेल्या पानावरच. आणि ते पान विश्वासास पात्र ठेवणे, एवढेच पुनर्मुद्रकाचे शील आहे.